वेग वेगळा, त्वरण वेगळं: साठ मीटर पळून फरक समजून घ्यायची रीत

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यात त्वरणाचं सूत्र येतं. पोरं ते पाठ करतात, आकडे घालून उत्तरही बरोबर काढतात. मग त्यांना विचारून बघा, शंभर मीटरच्या शर्यतीत धावपटूचं त्वरण सगळ्यात जास्त कधी असतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘शेवटी, जेव्हा तो सगळ्यात जोरात पळत असतो तेव्हा.’ हे बरोबर उलटं आहे. त्वरण सगळ्यात जास्त असतं ते शर्यत सुटल्यावर पहिल्या दोन-चार पावलांत, वेग जवळजवळ शून्य असताना. आणि वेग सर्वोच्च असतो त्या क्षणी त्वरण शून्य असतं.

नाशिकमध्ये सुट्टीच्या दिवशी मी आठवी-नववीच्या पोरांकडून हा प्रयोग करून घेतो. फळ्यावर गळी न उतरणारी गोष्ट मैदानावर उतरते, पण मांडणी नीट असली तरच. नाहीतर सकाळभर पळून दमायचं आणि वहीत भलतेच आकडे घेऊन घरी जायचं. घरी नववीचं पोर असलेले आईबाप, नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक, किंवा पोरं स्वतःच, कोणालाही जमेल अशी रीत खाली देतोय.

आधी दोन व्याख्या, जेवढ्या लागतात तेवढ्याच. वेग म्हणजे एका सेकंदात किती मीटर अंतर कापलं. त्वरण म्हणजे एका सेकंदात तो वेग कितीने बदलला. पुस्तकात चाल आणि वेग वेगळे दिलेत, कारण वेगाला दिशा असते. सरळ पट्टीवर पळताना त्याने काही बिघडत नाही, म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांत मी सरसकट वेग म्हणणार. आठव्या पायरीत वळण येतं, तिथे दिशेचा हिशेब द्यावाच लागतो.

काय काय लागेल

- मोजायचा लांब टेप, ३० मीटरचा असला तर उत्तम. पाच मीटरचा टेप पुनःपुन्हा सरकवला की प्रत्येक वेळी दोन-चार सेंटिमीटर निसटतात.
- फक्की, साधारण दोन किलो
- पाण्याच्या आठ बाटल्या, खुणांसाठी (प्यायच्या वेगळ्या आणा)
- भडक रंगाचा मोठा रुमाल
- स्टॉपवॉच असलेले तीन मोबाइल
- वही, पेन्सिल, आलेख कागद
- किमान सहा माणसं: दोन पळणारे, तीन वेळ घेणारे, एक रुमालवाला

ज्या मैदानावर करणार तिथल्या परवानगीचं तेवढं आधी बघा. शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळींचा अर्ज, त्यात तारीख, वेळ आणि सोबत असणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव. अल्पवयीन पोरं असतील तर पालकांची चिठ्ठी घ्या. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला पळवू नका, त्याच्या हाती वही द्या. खरं तर वहीवाल्यालाच विषय सगळ्यात आधी कळतो.

१. जागा निवडा

साठ मीटर सरळ पळायला आणि त्यापुढे थांबायला वीस मीटर, अशी ऐंशी मीटर मोकळी, सपाट जागा हवी. हे पुढचे वीस मीटर बरेच जण विसरतात. मग पोरं कुंपण दिसलं की पन्नास मीटरलाच आवरतं घेतात आणि शेवटचे आकडे वाया जातात.

गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, सगळ्यांना आधी सुचतं. पण तिथे सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते आणि सामने असले की आत शिरायचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा घराजवळचं शाळा-कॉलेजचं मैदान बरं. कॉलनीतल्या रस्त्यावर करू नका. रविवारी सकाळी रस्ता रिकामा दिसला तरी नाही. रुमालाकडे बघणाऱ्या पोराला मागून येणारी रिक्षा दिसत नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान टाळा. पायाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि पळणं बाजूलाच राहतं.

२. पट्टी आखा

सुरुवातीची रेषा, मग २०, ४० आणि ६० मीटरवर फक्कीच्या आडव्या रेषा. प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना एकेक बाटली.

दर दहा मीटरला खूण का नको? पळणारा वेगात असताना दहा मीटरला साधारण १.२ सेकंद लागतात. हाताने वेळ घेताना ०.१ सेकंदाची चूक होणारच. मग १.२ ऐवजी १.३ लिहिलं की वेग ८.३ वरून ७.७ वर येतो आणि १.१ लिहिलं की ९.१ वर जातो. म्हणजे पोरगं एका लयीत पळत असलं तरी तक्त्यात त्याचा वेग उड्या मारताना दिसणार. वीस मीटरला तीच चूक निम्म्यावर येते.

३. वेळ घेणारे उभे करा

सगळा प्रयोग या पायरीवर तरतो किंवा बुडतो, म्हणून इथे घाई करू नका.

प्रत्येक खुणेवर एक माणूस, पट्टीपासून तीन-चार मीटर बाजूला, दोन्ही बाटल्या एका रेषेत दिसतील असा. तो पुढे-मागे उभा राहिला की धावपटू रेषेवर पोचायच्या आधी किंवा नंतर पोचल्यासारखा दिसतो. डोळा बाटल्यांवर ठेवायचा, पळणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाही. छातीने रेषा ओलांडली की स्टॉपवॉच थांबवायचं. डोकं, हात, पाय काहीही आधी पुढे गेलं तरी धरायचं नाही. मोठ्या स्पर्धांतही नियम धडाचाच आहे.

तिघांची घड्याळं एकाच क्षणी सुरू व्हायला हवीत. त्यासाठी शिट्टी वापरू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे साठ मीटरवरच्या माणसाला शिट्टी ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येते. त्याचं घड्याळ तेवढं मागे, त्यामुळे साठ मीटरची वेळ तेवढी कमी आणि वेग खोटाच जास्त. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक धावपटूच्या मागे वेगळा स्पीकर असतो तो याच कारणासाठी. तुम्ही रुमाल वापरा. हात सरळ वर, मग एका झटक्यात खाली. रुमाल हलला की पळणाऱ्यानेही सुटायचं आणि तिघांनीही बटण दाबायचं.

पहिल्या दोन फेऱ्या कोणाला पळवू नका. नुसता रुमाल पाडा, तिघांनी घड्याळ सुरू करून लगेच ते शेजारी शेजारी धरून बघा. आकड्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर जो मागे पडतोय त्याला वहीवर बसवा.

स्लो मोशन असलेला मोबाइल हाताशी असेल तर आणखी चांगली सोय होते. पट्टीच्या मध्यापासून वीस-पंचवीस मीटर बाजूला तो स्टँडवर घट्ट बसवा. सगळी पट्टी चौकटीत येत नसेल तर थोडा आणखी मागे न्या. मग धावपटूला प्रत्येक खुणेवर उभं करून दोन सेकंद शूट करून ठेवा. कॅमेरा तिरका बघत असल्याने बाटली आणि माणूस एका जागी दिसत नाहीत, पण माणूस खुणेवर उभा असताना चौकटीत नेमका कुठे दिसतो हे तुमच्याकडे आलं. पळतानाच्या व्हिडिओत तो त्या जागी आला की वेळ टिपायची. मध्ये कोणी मोबाइल हातात घेतला की सगळं पुन्हा करा.

४. आधी पावलं बघा, घड्याळ नंतर

आदल्या संध्याकाळी सुरुवातीच्या पंधरा-वीस मीटरवर पाण्याच्या दोन-चार बादल्या शिंपडून ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. सकाळी एकाच पोराला त्यावरून पूर्ण जोर लावून पळू द्या, आणि सगळ्यांना घेऊन त्याचे ठसे बघायला जा.

पहिल्या दोन-तीन ठशांत टाच दिसतच नाही. नुसता चवडा रुतलेला असतो, आणि त्याच्या मागच्या बाजूला, सुरुवातीच्या रेषेकडे, मातीचा छोटा ढीग सरकलेला असतो. पायाने माती मागे ढकलली म्हणून पोर पुढे सुटलं. टेप लावा: पहिलं अंतर छोटं, दुसरं त्याहून मोठं, तिसरं आणखी मोठं. पुढे जाल तसे ठसे उथळ होतात, मागचा ढीग नाहीसा होतो आणि दोन ठशांमधलं अंतर जवळपास सारखं व्हायला लागतं.

ठशांमधलं अंतर वाढतंय तिथे वेग बदलतोय, म्हणजे तिथे त्वरण आहे. अंतर मोठं पण सारखं आहे तिथे वेग भरपूर, त्वरण नगण्य. पावलांची लयही बदलत असते, त्यामुळे हे माप काटेकोर नाही. तरी सूत्र न लिहिता पोरांना डोळ्यांनी दिसणारी इतकी चांगली गोष्ट माझ्या माहितीत दुसरी नाही. उसेन बोल्टने २००९ च्या विश्वविक्रमात शंभर मीटर सुमारे ४१ पावलांत संपवले हे इथे सांगून टाका. मग पोरं आपली पावलं मोजायला लागतात आणि दहा मिनिटं गडबड होते, ती होऊ द्या.

५. पळा आणि तक्ता भरा

पळायच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी थंड स्नायूंवर एकदम जोर दिला की मांडीचा मागचा स्नायू धरतो.

एका वेळी एकच जण पळवा, म्हणजे घड्याळवाल्यांचा गोंधळ होत नाही. प्रत्येकाला दोनदा पळवा, मध्ये पाच-सात मिनिटं विश्रांती द्या, आणि दोन वेळांची सरासरी घ्या. पुढचं गणित दाखवायला दोन काल्पनिक मुली घेऊ, सायली आणि ऋतुजा. सुरुवातीपासूनची वेळ सेकंदांत:

सायली: २० मीटरला ३.६, ४० ला ६.२, ६० ला ८.९
ऋतुजा: २० मीटरला ३.९, ४० ला ६.४, ६० ला ८.८

वीस मीटरवर सायली पुढे, चाळीसवरही सायलीच पुढे, आणि शर्यत ऋतुजाने जिंकली. बघणारे म्हणणार, ‘ऋतुजाने शेवटी काय जोर मारला!’ ते खरं आहे का, हे आता आकड्यांना विचारायचं.

६. आधी वेग काढा, मग त्वरण

प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते वजाबाकीने काढा. सायली: ३.६, २.६, २.७. ऋतुजा: ३.९, २.५, २.४. आता २० ला या वेळेने भागा.

सायलीचा वेग: ५.६, ७.७, ७.४ मीटर प्रति सेकंद
ऋतुजाचा वेग: ५.१, ८.०, ८.३ मीटर प्रति सेकंद

पोरांना ताशी किलोमीटर आवडतात. ३.६ ने गुणा, ऋतुजाचा शेवटचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास भरतो. त्वरण काढताना मात्र मीटर आणि सेकंदच ठेवा. एकीकडे ताशी किलोमीटर आणि दुसरीकडे सेकंद घेतले की उत्तर वाया गेलंच म्हणून समजा.

हे तिन्ही वेग त्या-त्या टप्प्याचे सरासरी वेग आहेत. ते त्या टप्प्याच्या मधल्या वेळेला असतील असं धरा. सायलीचा पहिला टप्पा ० ते ३.६ सेकंद, म्हणून ५.६ हा वेग १.८ व्या सेकंदाचा. दुसरा टप्पा ३.६ ते ६.२, म्हणून ७.७ हा ४.९ व्या सेकंदाचा. असंच पुढे. आणि शून्याव्या सेकंदाला वेग शून्य, हे तक्त्यात लिहायला विसरू नका. ते राहिलं की सगळ्यात मोठं त्वरणच हिशेबातून गळतं.

आता दोन शेजारच्या वेगांमधला फरक भागिले त्यांच्या वेळांमधला फरक:

सायलीचं त्वरण: सुरुवातीला ३.१, मग ०.७, मग उणे ०.१
ऋतुजाचं त्वरण: सुरुवातीला २.६, मग ०.९, मग ०.१

एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. हा ‘सेकंद वर्ग’ पोरांना भुतासारखा वाटतो. त्यांना एवढंच सांगा: ३.१ म्हणजे दर सेकंदाला वेगात ३.१ मीटर प्रति सेकंदाची भर पडली. सेकंद दोनदा आला म्हणून वर्ग.

आता तक्त्याकडे बघा. सुटताना सायलीचं त्वरण जास्त होतं, म्हणून ती पुढे गेली. ऋतुजाचं सुरुवातीला कमी होतं, पण जास्त वेळ टिकलं, म्हणून तिचा वेग वर चढत राहिला. शेवटच्या वीस मीटरमध्ये तिने सायलीला गाठून मागे टाकलं, आणि तेव्हा तिचं त्वरण होतं जेमतेम ०.१. हाताच्या घड्याळाची चूक धरली तर ते शून्यच म्हणा. तिने शेवटी जोर वगैरे काही मारला नाही. तिचा वेग आधीच जास्त झालेला होता आणि तो तिने पडू दिला नाही, इतकंच. पुढे जायला त्वरण लागत नाही, पुढच्यापेक्षा जास्त वेग लागतो. ही एक गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की बसली तर सकाळ सार्थकी लागली.

इथे हमखास होणारे तीन घोटाळे:

उणे त्वरण म्हणजे उलटं पळणं, असं काही पोरांना वाटतं. सायली शेवटपर्यंत पुढेच पळत होती, फक्त तिचा वेग थोडा उतरला. मोटारींच्या शर्यतीत तर वेग चढतानापेक्षा ब्रेकचेच आकडे मोठे असतात. फॉर्म्युला वनची गाडी शून्यावरून ताशी १०० ला जायला अडीच-पावणेतीन सेकंद घेते, म्हणजे त्वरण साधारण १०-११. तीच गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा वेग गुरुत्वत्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, ९.८) जवळपास पाचपट दराने उतरतो, म्हणजे ५० च्या आसपास. चालकाची मान त्या वेळी पुढे ओढली जाते.

दुसरा घोटाळा आलेखाचा. अंतर आणि वेळ यांचा आलेख काढून त्याच्या चढाला पोरं त्वरण म्हणतात. त्या रेषेचा चढ म्हणजे वेग. त्वरण हवं असेल तर उभ्या अक्षावर वेग घ्या आणि त्या रेषेचा चढ बघा. ऋतुजाची रेषा आधी खडी, मग वाकत वाकत आडवी होते. आडवी झाली तिथे ती सगळ्यात जोरात पळतेय.

तिसरा, ‘वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य’. रुमाल पडल्यावर पाऊल मातीवर जोर देतं त्या क्षणी वेग अजून शून्यच असतो, आणि त्वरण भरपूर. तसं नसतं तर कोणीच जागचं हललं नसतं.

७. तेच गणित विश्वविक्रमाला लावा

१६ ऑगस्ट २००९, बर्लिन, उसेन बोल्ट, ९.५८ सेकंद. प्रत्येक वीस मीटरला त्याला लागलेला वेळ उपलब्ध आहे: २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६. पहिल्या आकड्यात बंदुकीचा आवाज ऐकून हलायला लागलेले ०.१४६ सेकंदही आले.

तुमच्याच तक्त्यात घाला. वेग येतात ६.९, ११.४, १२.०, १२.४, १२.०. त्वरण येतं ४.८, मग १.९, मग ०.३, ०.३ आणि शेवटी उणे ०.२. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान माणूस साठ ते ऐंशी मीटरमध्ये ताशी साधारण ४५ किलोमीटरला पोचला, आणि विश्वविक्रमाची रेषा ओलांडताना त्याचा वेग उतरत होता. टीव्हीवर तो शेवटी सुसाट सुटल्यासारखा दिसतो, कारण बाकीच्यांचा वेग त्याच्याहून जास्त उतरत असतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. समजा एखादी साधी स्कूटर शून्यावरून ताशी ६० ला दहा सेकंदांत जाते. तिचं सरासरी त्वरण १.७. सिग्नल सुटला की पहिले वीस मीटर बोल्ट तिच्या आरामात पुढे असणार. पुढे स्कूटर त्याला मागे टाकेल, कारण तिचा वेग चढतच राहतो आणि माणसाचा ४५ ला अडतो. हे रस्त्यावर करून बघायचं नाही, कागदावरच पुरे.

८. वळणावर पळा

आता दिशा. मैदानात पाच मीटर लांबीची दोरी घ्या, एका टोकाला एक जण उभा करा आणि दुसऱ्या टोकाने फक्कीचं वर्तुळ आखा. दोरी बाजूला काढा आणि त्या वर्तुळावरून एका लयीत पळायला सांगा, ना हळू ना जोरात. वर्तुळाचा घेर साधारण ३१.४ मीटर, म्हणजे आठ सेकंदांत फेरी झाली तर वेगाचा आकडा जवळपास ४.

हा आकडा बदलत नाही, तरी त्वरण आहे, कारण दिशा क्षणोक्षणी बदलतेय. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: १६ भागिले ५, म्हणजे ३.२, वर्तुळाच्या मध्याकडे. सायलीच्या सुटतानाच्या त्वरणाएवढंच जवळपास! पोरांना हे पटत नाही. मग पळणाऱ्याचं अंग कुठे झुकलंय ते त्यांना दाखवा. तो आत झुकलेला असतो, आणि ठसे ओल्या मातीवर असतील तर बाहेरची कड जास्त रुतलेली दिसते. माती वर्तुळाच्या बाहेर ढकलली जाते, म्हणून पोर आत वळत राहतं.

नाशिकच्या पोरांना इथे कविता राऊतचं उदाहरण द्यावं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. वेळ ३३ मिनिटं ५ सेकंद. ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या, एका फेरीला सरासरी ७९ सेकंदांच्या थोडं वर, वेग सेकंदाला साधारण ५ मीटर. लांब पल्ल्याच्या धावपटूचं सगळं कसब वेग सारखा राखण्यात असतं, म्हणजे सरळ पट्टीवर त्वरण शून्याजवळ ठेवण्यात. मध्येच वेग वाढवायचा, मग उतरवायचा, असं केलं की दम लवकर संपतो. पण वळणं टाळता येत नाहीत. आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर धरली तर प्रत्येक वळणावर ०.७ च्या आसपास त्वरण आलंच, २५ फेऱ्यांत ५० वळणं. दोनशे मीटरवाला आठच्या वेगाने तेच वळण घेतो तेव्हा ते पावणेदोनच्या आसपास जातं. वेग दीडपटीच्या थोडा वर, त्वरण अडीचपट, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. ओल्या रस्त्यावर वळणाआधीच दुचाकीचा वेग का उतरवायचा, तेही यातच आलं.

९. बसमध्ये बसून त्वरण मोजा

मैदान नसेल, पाऊस असेल, तर हा पर्याय. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप मोबाइलमध्ये घ्या. त्यात त्वरण मोजायचे दोन प्रकार दिसतात. गुरुत्व वगळून मोजणारा निवडा, नाहीतर मोबाइल टेबलावर पडलेला असतानाही ९.८ दाखवतो आणि पोरं घाबरतात.

निमाणीहून नाशिकरोडला जाणारी सिटीलिंकची शहर बस पकडा. बसायला जागा मिळेल अशी वेळ निवडा, उभ्याने हे जमत नाही. मोबाइलची वरची कड बसच्या तोंडाकडे करून तो मांडीवर सपाट दाबून धरा. मांडी हलली की आलेखात तीच दिसते, त्यामुळे पाय जमिनीवर घट्ट. शेजारी एक जण ड्रायव्हरच्या समोरचा काटा बघून मोठ्याने वेग सांगत राहील आणि दुसरा वेळ लिहील. काटा दिसत नसेल तर दुसऱ्या मोबाइलवर जीपीएसचा वेग लावा.

बस थांब्यावरून सुटते तेव्हा ॲपमधली रेषा एका बाजूला उचलली जाते. बस चाळीसच्या आसपास एका लयीत चालली की रेषा शून्याभोवती थरथरत राहते. खड्डे आणि इंजिनची ती थरथर, ती सोडून द्या. ब्रेक लागला की रेषा विरुद्ध बाजूला जाते. वाटेतल्या द्वारका चौकाच्या गर्दीत बस हळू असते, तरी रेषा सतत वर-खाली उड्या मारते, कारण चालू-थांब, चालू-थांब. मोकळ्या रस्त्यावर वेग जास्त आणि रेषा शांत. पोरांना आधी अंदाज लिहायला लावा, कुठे रेषा जास्त हलेल? बहुतेक जण मोकळा रस्ता लिहितात.

‘मग मोबाइलला वेग कळतच नाही का?’ असं कोणीतरी विचारतंच. या सेन्सरला थेट कळत नाही. आपल्यालाही नाही कळत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे नाशिक आत्ता ताशी साडेपंधराशे किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडे चाललंय. त्या फिरण्याचं त्वरण मात्र ०.०३ च्या आसपास, म्हणून गोदाघाटावर बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही. आणि बसने नुसता हलका ब्रेक मारला तर तोच माणूस समोरचा दांडा धरतो.

उतरायच्या आधी ॲपमधली आकडेवारी एक्सेलमध्ये काढून स्वतःलाच पाठवून ठेवा, ॲप बंद झालं की नोंद जाऊ शकते. घरी आल्यावर वेगाचा तक्ता वर आणि त्वरणाची रेषा खाली, वेळेचा अक्ष जुळवून एकाच आलेख कागदावर काढा. वरचा आलेख जिथे चढतो तिथे खालची रेषा शून्याच्या एका बाजूला, उतरतो तिथे दुसऱ्या बाजूला, आडवा आहे तिथे शून्यावर असायला हवी. कुठे जुळत नसेल तर बहुधा तिथे मोबाइल सरकलेला असतो किंवा बस वळलेली असते. वळणाची रेषा वेगळ्या अक्षावर येते. तीही बघा, आठव्या पायरीतलं त्वरण तिथे सापडेल.